खुंटी नसलेल्या वाद्याचा षड्ज

कामीय सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये ‘कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स’ ही रचना केली ती मित्रमंडळींच्या करमणुकीसाठी. गंभीर संगीतकार म्हणून असलेल्या आपल्या नावाला ती शोभणार नाही, असं त्याला वाटलं आणि हयात असेपर्यंत त्याने ती छापू दिली नाही. अपवाद केला तो एकाच तुकड्याचा, ‘हंस’चा. चेलोसाठी लिहिलेली ही तीनेक मिनिटांची धून तेव्हापासून जगभरच्या चेलोवादकांच्या बोटांत आहे. मला मात्र ती सगळ्यात जास्त भावते ती चेलोवर नाही, थेरेमिनवर.

१९७७ मध्ये अमेरिकेत ‘द आर्ट ऑफ द थेरेमिन’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. वाजवणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली नादिया रायझेनबर्ग पियानोवर, धाकटी क्लारा रॉकमोर थेरेमिनवर. एकीने सत्तरी ओलांडलेली, दुसरीने साठी. निर्मिती रॉबर्ट मूग आणि शर्ली मूग या दांपत्याची. ज्याच्या नावाचा सिंथेसायझर जगभर पोचला तोच हा मूग, आणि त्याने स्वतः उमेदीच्या वयात थेरेमिन बनवूनच सुरुवात केली होती. या ध्वनिमुद्रिकेत ‘हंस’ आहे. विजेवर चालणारं वाद्य आणि तारांचं वाद्य एका सुरात यायला काय काय घडावं लागतं, ते या तीन मिनिटांत जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं मी दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही.

थेरेमिनला हात लावायचा नसतो. लाकडी पेटीच्या उजव्या बाजूला धातूचा उभा दांडा, डाव्या बाजूला धातूचंच आडवं कडं. उजवा हात दांड्याजवळ नेला की सूर चढतो, मागे घेतला की उतरतो. डावा हात कड्याजवळ नेला की आवाज मिटतो, वर उचलला की खुलतो. बस, एवढंच. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोटाखाली तार नाही. दोन स्वरांमधलं अंतरही सारखं नाही : दांड्याजवळ स्वर दाटीवाटीने येतात, अंगाकडे येताना विरळ होत जातात. लेव टेरमेन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास हे वाद्य घडवलं. तो स्वतः चेलो शिकलेला होता. वाद्याचा आवाज चेलो आणि माणसाचा गळा यांच्या मधे कुठेतरी जातो आणि ‘हंस’ त्याच्यावर इतका शोभतो, यात मला नवल वाटत नाही.

या पेटीच्या पोटात काय चालतं ते तानपुरा लावणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, पण अजून मिळाल्या नाहीत, की आवाज डोलायला लागतो. एक तार सेकंदाला २२० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २२२ वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. खुंटी किंचित पिळावी, मणी केसभर सरकवावा, तसे हेलकावे संथ होत जातात. थांबले की जोडी मिळाली. थेरेमिनमध्ये विजेच्या अशाच दोन लहरी असतात, पण इतक्या वरच्या कंपनसंख्येच्या, की कानाला दोन्ही ऐकू येत नाहीत. समजा, एक सेकंदाला १,७०,००० कंपनांची आणि दुसरी १,६९,७८० ची. दोघींमधला फरक २२० चा. तो ऐकू येतो, आणि तोच थेरेमिनचा स्वर. पहिली लहर स्थिर असते, दुसरी हाताच्या जवळ-लांब होण्याने बदलते. जो फरक घालवायला आपण खुंट्या पिळतो, तो फरकच इथे गात असतो.

म्हणून हे वाद्य लावण्याची रीतही जगावेगळी आहे. वादक वाद्यासमोर आपल्या जागी उभा राहतो, उजवा हात खांद्याशी घेतो आणि पेटीवरचं बटण फिरवतो. सूर उतरत जातो, खर्जाच्याही खाली जातो, त्याची नुसती टकटक उरते आणि शेवटी तीही थांबते. दोन्ही लहरी एक झाल्या. ही शांतता आपल्या खांद्यापाशी आणून ठेवायची, म्हणजे तिथून दांड्यापर्यंतच्या हातभर हवेत सगळी सप्तकं मावतात. पियानोचा एखादा सूर घेऊन त्याला थेरेमिन मिळवता येत नाही, कारण थेरेमिनला स्वतःचा असा एकही बांधलेला सूर नाही. बांधायची ती फक्त शांततेची जागा. बाकीचे सगळे सूर त्या त्या क्षणी हवेत शोधायचे.

त्यातून ही जागाही एकदा बांधली म्हणून टिकेल असं नाही. आतले व्हॉल्व्ह तापून स्थिरावायला वेळ लागतो. वाजवणाऱ्याचं शरीर विजेच्या त्या क्षेत्राचाच भाग असतं. मान हलली, वजन या पायावरून त्या पायावर गेलं, कुणी शेजारून चालत गेलं, तरी सूर सरकतो. क्लारा रॉकमोरला वाजवताना पाहिलेल्यांना आठवतो तो तिचा निश्चल उभा देह. फक्त दोन हात हलतात, आणि त्यातही उजव्या हाताची बोटं. ती हवेतच बोटं मिटून-उघडून स्वर घ्यायची : मूठ मिटलेली असताना एक स्वर, करंगळीपर्यंत पंजा उघडला की वरचा. व्हायोलिनवादक तारेवर जशी बोटं ठेवतो, तशी तिने हवेत ठेवली.

ती मुळात व्हायोलिनचीच. १९११ मध्ये व्हिल्निअसला जन्म. चार वर्षांची असताना सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात प्रवेश. पुढे लिओपोल्ड आउअर यांच्यासारख्या गुरूची तालीम. पण बालपणीच्या उपासमारीने हाडं कमकुवत झालेली. ऐन तारुण्यात व्हायोलिन सोडावं लागलं. न्यू यॉर्कमध्ये टेरमेन भेटला, आणि गज धरू न शकणाऱ्या हातांना असं वाद्य मिळालं की ज्यात धरायला काहीच नव्हतं. तिने टेरमेनकडून आपल्यासाठी वेगळं वाद्य करून घेतलं : तीनऐवजी पाच सप्तकांचा पल्ला, आणि डाव्या हाताला चटकन प्रतिसाद देणारं कडं. या दुसऱ्या मागणीचं महत्त्व ‘हंस’मध्ये पावलोपावली कळतं.

आता धून. सँ-साँसने ती जी मेजरमध्ये लिहिली आहे. पट्टी बाजूला ठेवून आपल्या सरगममध्ये मांडली तर पहिली ओळ अशी उतरते : सां नि ग ध प सा, आणि मग संथपणे रे, ग, म. सगळे शुद्ध स्वर, बिलावलचे. वरच्या षड्जावरून निघालेली ओळ सरळ पायऱ्यांनी खाली येत नाही. नि वरून एकदम ग वर झेपावते, तिथून वर ध ला जाते, प वर टेकते आणि मधल्या सा वर येते. चेलोवर ऐकताना आपण तिच्या वळणात गुंततो. थेरेमिनवर ऐकताना मला तिच्या उड्या दिसल्या. नि ते ग : षड्ज-पंचम भाव. ग ते ध : षड्ज-मध्यम भाव. प ते सा : पुन्हा षड्ज-पंचम. या ओळीतली प्रत्येक मोठी उडी संवादी स्वरांची आहे. तानपुरा लावताना कान ज्या दोन अंतरांवर सगळ्यात आधी विसंबतो, नेमकी तीच अंतरं. जिच्याजवळ ना पडदा ना पट्टी, तिला ही धून दर पावलाला ताळा पाहण्याची संधी देते : चुकली असेल तर लगेच कळेल, बरोबर असेल तर पुढचा स्वर आधीच्या स्वराच्या आधाराने सापडेल. सँ-साँसच्या डोक्यात थेरेमिन असणं शक्यच नव्हतं. पण हवेतल्या वाद्याला इतकी सोयीची आणि तितकीच कठोर अशी पहिली ओळ दुसरी सापडणार नाही.

सोयीची, कारण कान अशा उड्या विश्वासाने घेतो. कठोर, कारण थेरेमिनवर उडी अशी नसतेच. हात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईपर्यंत मधले सगळे सूर वाजत राहतात. या वाद्याची स्वाभाविक अवस्था म्हणजे अखंड मींड. नवशिक्याच्या हातात ते सतत घसरत राहतं. भीतिपटांनी त्याचा तोच आवाज आपल्या कानात बसवला आहे. क्लारा काय करते ते डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐका. उजवा हात नि वरून निघताना डावा क्षणभर कड्याकडे झुकतो, आवाज मिटल्यासारखा होतो, आणि ग वर पोचताच पुन्हा खुलतो. मींड कुठे ठेवायची, कुठे पुसायची, किती पुसायची, हा प्रत्येक उडीत तिचा निर्णय असतो. ठेवते तिथेही ती थोडीशीच ठेवते, चांगला गायक कणस्वर लावतो तितकी. गज बदलताना चेलोवर जो श्वास ऐकू येतो, तो इथे डाव्या पंजाने घडवलेला आहे.

आणि हे सगळं पियानोबरोबर. पियानो हे जगातलं सगळ्यात हट्टी वाद्य. एकेका पट्टीला बहुतेक ठिकाणी तीन-तीन तारा, शेकडो खुंट्या. जाणकार माणसाने किल्ली घेऊन बसायचं आणि हेलकावे मोजत एकेक तार लावायची. मैफल सुरू झाली की त्यातलं काही हलवता येत नाही. शिवाय पियानोचं सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर त्याचा पंचम स्वयंभू पंचमापेक्षा जेमतेम २ सेंटने उतरलेला, पण शुद्ध गंधार जवळजवळ १४ सेंटने चढलेला. आपल्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, जे आक्षेप घेतले गेले, १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारं बंद केली, त्यात हा गंधार एक मोठा मुद्दा होता. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्या शेजारी पेटीचा गंधार ठेवला की कुणाच्याही कानाला फरक कळतो.

मग ‘हंस’मध्ये काय होतं? उड्यांच्या बाबतीत भांडण नाही. पंचम आणि मध्यम भावात पियानो आणि मोकळा कान यांच्यात दोनच सेंटचा वाद, तो न कळण्याइतका. प्रश्न येतो ग, ध, नि यांच्यावर थांबायचं झालं की. तिथे व्हायोलिनवर घडलेला कान एक सांगतो आणि पियानो दुसरं. क्लारा लांब स्वरांवर उजवा पंजा हलकेच हलवते. हा कंप १४ सेंटपेक्षा सहज रुंद. त्याच्या पोटात पियानोचा गंधारही मावतो आणि कानातला गंधारही. पाश्चात्य वादक असा कंप सौंदर्यासाठी देतात, हे खरंच. पण इथे तो दोन स्वरव्यवस्थांना एकत्र नांदवतोय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. ती एका टिंबावर हट्टाने उभी राहिली असती तर हेलकावे ऐकू आले असते आणि दोघींपैकी एक कणसूर वाटली असती.

सगळं श्रेय धाकटीला देणं अन्यायाचं होईल. नादिया रायझेनबर्ग ही साधी साथीदार नव्हे. मोझार्टच्या सगळ्या पियानो कॉन्चेर्टो १९३९-४० मध्ये रेडिओवरून सलग सादर करणारी ही वादक. ‘हंस’मध्ये तिच्या वाट्याला पाण्याची संथ हालचाल आली आहे. स्वरसंघाचे सूर एकदम न वाजता सुटे सुटे, एकामागून एक, लाटेसारखे वर येतात आणि खाली जातात. म्हणजे पियानोचा चढा गंधार ऐकू येतो तो एका इवल्या मात्रेपुरता, आणि वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. तोच गंधार इतर स्वरांबरोबर दाबून धरला असता तर थेरेमिनशी त्याची टक्कर झाली असती. लेखनच उदार आहे, आणि नादिया ते आणखी उदारपणे वाजवते. सूर हलका, पायाखालचा पेडल बेताचा, आणि बहिणीचा लांब स्वर सुरू असताना स्वतःचा आवाज त्याच्याखाली ठेवलेला. हट्टी वाद्य वाजवणाऱ्याला सूर हलवून जुळवून घेता येत नाही. आवाज कमी करून, वेळ देऊन जुळवून घेता येतं. क्लाराला एखाद्या स्वरावर हात स्थिर करायला क्षणाचा विसावा हिस्सा हवा असेल, तर तो तिला मिळतो. लाट किंचित थांबते. एकाच घरात वाढलेल्या, एकमेकींचा श्वास ओळखणाऱ्या दोघींनाच हे साधतं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना ते फार सहज साधलंय.

आज आपल्या मैफिलींत ही मांडणी उलटी झाली आहे. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. आता तो आपल्याकडच्या घराघरांत आहे, आणि मोठ्या गायकांच्या मागे दोन लाकडी तानपुऱ्यांच्या सोबतीलाही ठेवलेला दिसतो. इथे विजेचं वाद्य अढळ आणि तारांचं चंचल. सभागृहातला एसी सुरू झाला की तानपुऱ्याच्या तारा सरकतात, तबल्याची पुडी सैल-घट्ट होते, पेटी मात्र आपल्या जागी. मग सगळे त्या स्थिर आवाजाकडे पाहून लावतात : आधी पेटीच्या पट्टीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, त्याला खरे तानपुरे, त्यांना हातोडीने तबला. जो हलू शकत नाही त्याला बाकीच्यांनी मिळवून घ्यायचं, हा क्रम जगभर एकच. क्लाराच्या काळी हलू न शकणारा पियानो होता, आज पेटी किंवा यंत्र असतं. सोय झाली आहे, आणि ती मी मानतो. पण यंत्राच्या आवाजात हेलकावे येत नाहीत, म्हणून आपण हेलकावे ऐकणंच सोडलं, तर ते नुकसान आहे. काट्याने किंवा हिरव्या दिव्याने सूर मिळाला असं सांगणारं यंत्र फक्त एका तारेबद्दल बोलतं. दोन तारांमध्ये जे चालतं ते अजून कानालाच ऐकावं लागतं.

‘हंस’चा मधला भाग मी भरभर ओलांडतो. तिथे सूर थोडे काळवंडतात, धून आपल्या मूळ षड्जापासून लांब जाते, एकच आकृती वेगवेगळ्या उंचीवर फिरते. सुंदर आहे, पण नवं काही सांगत नाही. परतीच्या वळणावर पहिली ओळ पुन्हा येते, तेव्हा ती आधीपेक्षा ओळखीची वाटते आणि म्हणून तिच्या सुरेलपणाची कसोटीही वाढते : कानाला आता नेमकं काय हवं ते माहीत असतं. क्लारा तिथे काहीही वेगळं करत नाही. तेच करते ती, तितक्याच शांतपणे. हवेत दुसऱ्यांदा तीच जागा सापडते, हे तिच्या कलेचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे.

आणि मग शेवट. सँ-साँसने चेलोला शेवटी एक दीर्घ षड्ज दिला आहे. पियानोच्या लाटा त्याच्याभोवती चढत, विरळ होत जातात. चेलोवर तो गजाच्या लांबीइतका. गज संपत आला की थोडा क्षीण होतोच. थेरेमिनच्या स्वराला स्वतःचा अंत नाही. तार विझते, गज संपतो, भाता रिकामा होतो, श्वास तुटतो; ही वीज तशीच वाहत राहते. म्हणजे तो षड्ज कधी आणि कसा मिटवायचा हेही पूर्णपणे वादकाचं. इथे उड्या नाहीत, मींड नाही, लपायला जागा नाही. आणि खालून पियानोचा षड्ज पुन:पुन्हा येऊन विचारतो आहे. गंधारावर जो वाद होता तो षड्जावर नाही. इथे दोन्ही व्यवस्थांचं एकमत आहे, म्हणून इथे केसभर फरकही माफ नाही. क्लारा तो स्वर धरते, कंप हळूहळू कमी करत नेते, डावा हात कड्याकडे आणते आणि आवाज पियानोच्या मंदावणाऱ्या नादात जिरवते.

हे मुद्रण आज सहज ऐकायला मिळतं. आधी एखाद्या चांगल्या चेलोवादकाचा ‘हंस’ ऐका, म्हणजे धून मनात बसेल. मग या बहिणींचा ऐका, आणि लगेच दुसऱ्यांदा ऐकताना थेरेमिन सोडून फक्त पियानोच्या मागे जा. आणि घरात कुणी गाणं शिकत असेल, तर त्याला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर सा लावून द्यायच्या आधी, एकदा तरी दोन खऱ्या तारा शेजारी ठेवून त्यांचा हेलकावा थांबेपर्यंत खुंटी फिरवू द्या.